व्हाळाच्या अलीकडचं गाऱ्हाणं

मी जुनी जीप चालवते हे कळलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग नवऱ्याकडे. नवरा नुसता हसतो. त्याला गाडी लागते, त्यामुळे तो पुढेही बसत नाही आणि मागेही बसत नाही, घरी बसतो. आमच्या संसाराला ही व्यवस्था चांगली मानवली आहे.

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खाणींवरच्या जीपा रस्त्याकडेला विकायला उभ्या होत्या. कुणी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी पत्रा म्हणून घेतली, कुणी इंजिन काढून पंपाला जोडलं. मी अख्खी घेतली. सासूबाई म्हणाल्या, "बांगड्यो करतली म्हणालेलंस मगो?" मी म्हटलं, बांगड्यांना चार चाकं नसतात. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बाजाराला जायला पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

नोकरी डिचोलीत, खुर्चीवर बसून करायची. आठवडाभर पाठीचा आकडा होतो. पण रविवारी सकाळी जीप माहेरच्या दिशेने, इब्रामपूरकडे वळवली की पाठ आपोआप सरळ होते. आमचं घर गावाच्या टोकाला आहे. घरामागे काजूची बाग आणि बागेमागे सरकारी रान. रानात एक जुनी वाट आहे. पूर्वी त्या वाटेने बैलगाड्यांतून लाकूड खाली यायचं. आधी सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढायचा, मग दगडांची एक वाईट उतरण, आणि उतरणीच्या पायाशी व्हाळ. आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. व्हाळापलीकडे, भेरल्या माडांच्या सावलीत, राखणदाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा दगड.

या वाटेवर जीप घालणं म्हणजे काय ते मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल! उतरणीवर गाडी छोट्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेकवरचा पाय काढायचा आणि इंजिनवर विश्वास ठेवायचा. एकेक चाक दगड चाचपत खाली येतं. घाई केली की संपलं. आणि मग व्हाळ! पुढची चाकं पाण्यात उतरली की थंडगार हवा थेट अंगावर येते, खालचे गोटे टायरखाली कुरकुरतात, आणि पलीकडच्या काठावर गाडी नाक वर करून बाहेर पडते. दर वेळी मी ओरडते. चाळिशी उलटलेल्या बाईने ओरडू नये म्हणतात, पण तिथे ऐकायला राखणदाराशिवाय कुणी नसतो आणि त्याने आजवर तक्रार केलेली नाही.

पूर्वी आम्ही मोप्याच्या सड्यावरही गाड्या घेऊन जायचो. आता तिथे विमानं उतरतात. एवढा सडा विमानांना मिळाला, आम्ही निमूट दिला, आणि आम्हाला म्हणे एक बैलगाडीची वाट जास्त होते! पण हा राग नंतरचा. आधी बाबांविषयी सांगायला हवं.

गावाच्या वतीने राखणदाराला गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या वडिलांचा. भातं कापून झाली की एका सकाळी सगळा गाव रोट, नारळ आणि विड्या घेऊन रानात जातो. बाबा दगडासमोर उभे राहून मोठ्या आवाजात गावाचं सगळं देवाच्या कानावर घालतात. काय हवं, काय चुकलं, कुणावर कसलं संकट आहे. प्रत्येक वाक्याला मागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे व्हय म्हणजे सही. एकदा म्हटलं की सगळे बांधले गेले. आणि गाऱ्हाण्यात नुसतं मागून चालत नाही, शेवटी आपण काय देणार तेही बोलावं लागतं, ती आंगवण. बाबा मला लहानपणीच सांगायचे, आंगवण आवडत्या वस्तूचीच करायची. नावडती भाजी सोडली तर देवाला त्याचं काय?

अलीकडे बाबांचे दोन्ही गुडघे गेले. चालत सडा चढणं संपलं. मग मी त्यांना जीपमधून न्यायला लागले. अगदी व्हाळ ओलांडून दगडासमोर गाडी उभी करायची, बाबा बॉनेटला हात टेकून उतरायचे आणि तिथूनच सुरू व्हायचे. मला वाटायचं, मी ही जीप घेतली ती याच कामासाठी. सासूबाईंनाही तसंच सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण बांगड्यांचा विषय बंद झाला.

मग बाहेरच्या टोळक्यांना आमची वाट सापडली. भाड्याच्या गाड्या घेऊन ती यायची, व्हाळात पुढे-मागे, पुढे-मागे करत चिखल उडवायची, त्याचे व्हिडिओ काढायची आणि बाटल्या टाकून जायची. मी दोनदा भांडले. एकदा तर एकाच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्याला सगळ्या बाटल्या गोळा करायला लावल्या. पण मी रोज थोडीच तिथे असणार! एका उन्हाळ्यात व्हाळाचं तोंड पार खरवडून निघालं, आणि वनखात्याने वाटेच्या सुरुवातीला आडवा चर खणला. पाटी लावली, वाहनांस बंदी. सुक्याबरोबर ओलंही जळलं.

त्या वर्षी गाव चालत गेला आणि बाबा घरी राहिले. पोरं खुर्ची घेऊन आली आणि म्हणाली, "आमी कदेलीर बसवन न्हेतो." बाबा म्हणाले, "माका चौगांच्या खांद्यार एकदाच जावचां आसा. त्याआदीं नाय." गाऱ्हाणं दुसऱ्या कुणीतरी घातलं, तेही मोबाईलमध्ये बघून. परत आल्यावर रोटाचा तुकडा बाबांना आणून दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. खाल्ला नाही. खिडकीत, जनेलाजवळ बसून ते दिवसभर रानाकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. त्या दिवशी मी ठरवलं, ही वाट उघडवायचीच.

मग काय, मी पेटलेच! जीपवाल्यांना एकत्र केलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक कोल्हापूरचा मेकॅनिक होता, त्याच्याकडे स्वतः जोडलेली फोर बाय फोर होती आणि जगात काहीही दुरुस्त होऊ शकतं असा त्याचा विश्वास होता. पेडण्याचा एक हार्डवेअरवाला होता. तो जीपपेक्षा जीपच्या सामानावर जास्त प्रेम करायचा. आणखी दहा-बारा जण. रविवारी आम्ही वाटेवरच्या बाटल्या वेचायचो, पडलेली झाडं बाजूला करायचो. वणवा लागला तेव्हा पाण्याचे कॅन आमच्याच लोकांनी डोक्यावरून वर नेले, कारण चरामुळे गाडी जाईना. हे मी पुढे प्रत्येक टेबलापुढे सांगितलं. वाट बंद केली तर रान वाचत नाही, रानावर नजर ठेवणारे तेवढे कमी होतात. सगळ्यांना आत सोडा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. वाट ठरवा, महिने ठरवा, गाड्या ठरवा, आणि जो चुकेल त्याला हाकला. पण जो नीट चालवतो त्याला चोर म्हणू नका.

पणजीला इतक्या खेपा घातल्या की बसचा कंडक्टर मला न विचारताच तिकीट फाडायला लागला. शेवटी एकदाची वनखात्यात बैठक लागली. त्या दिवशी आम्ही ऐटीत सगळ्या जीपा घेऊन गेलो. कसलाही सडा चढणाऱ्या त्या गाड्या पणजीच्या पार्किंगपुढे हरल्या. अर्धा तास गोल गोल फिरून आम्ही घामाघूम होऊन वर पोचलो.

अधिकारी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, शांत. आमच्या समोर बेडकांचा अभ्यास करणारी एक मुलगी बसली होती. ती आधी बोलली. पडद्यावर तिने आमचा व्हाळ दाखवला. आधीचा आणि टोळक्यांनंतरचा. गढूळ पाण्यात अंडी टिकत नाहीत, असं ती म्हणाली. माझं डोकं तापलं होतं, ती खोटं बोलत असती तर मी तिला सोडली नसती. पण फोटो खरा होता. हेच पाणी बघून मीही शिव्या घातल्या होत्या. विरोधकाचं म्हणणं पटणं यासारखा वैताग नाही.

मग मी उभी राहिले. अर्धा तास बोलेन एवढं तोंडपाठ केलं होतं. वणवा सांगितला, बाटल्या सांगितल्या, मोप्याचा सडासुद्धा सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही मागताय ते कळलं. तुम्ही रानाला काय देणार?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. मागे माझी माणसं उभी होती, समोर मोठ्या खुर्चीत बाई. मी बोलायला हात जोडले, आणि हात जोडल्याबरोबर पुढचं सगळं आपोआप झालं. लहानपणापासून कानात साठलेलं बाबांचं गाऱ्हाणं माझ्या तोंडातून बाहेर पडलं, तेही त्याच सुरात.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां पेडण्यासून, डिचोलेसून येवन तुज्या पायाकडे उबी रवली आसत..."

आणि मागून सगळे एका आवाजात गरजले, "व्हय म्हाराजा!"

दालनाच्या काचा थरथरल्या. शिपाई धावत आत आला. बेडकांची मुलगी खुर्चीत ताठ झाली. मला थांबता येईना. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं! अंगावर काटा आला होता.

"आज्या-पणज्यांची वाट आडवून पडली आसा, ती मोकळी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या हातीन रानाक तरास जालो आसात, तर तेका सरळ वाटेक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता आंगवण. ती बोलल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. पडद्यावर तो गढूळ व्हाळ अजून तसाच होता. "ह्येच्या बदलाक ही लेकरां पावसात रानात चाक घालची नाय." व्हय म्हाराजा! "धरली वाट सोडून आडवाटेक जावची नाय." व्हय म्हाराजा! आवाज चढत चालला होता, आणि आवडती वस्तू द्यावी लागते हे बाबांचं वाक्य जिभेवर बसलं होतं. मी म्हणून गेले, "आणि व्हाळाच्या पाण्यात चाक म्हणून घालची नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज कोल्हापूरकराचा.

बाईंनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं, पण हसू लपलं नाही. "मला महाराज कुणी म्हटलं नव्हतं आजपर्यंत," त्या म्हणाल्या. मग बेडकांच्या मुलीकडे वळल्या. "व्हाळात गाडी जाणार नसेल तर तुमचं काही म्हणणं?" मुलगी म्हणाली, "नाही. मग नाही." आणि पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली.

आम्ही जिना उतरलो ते उड्या मारतच. खाली एका हॉटेलात उंडे, म्हणजे आमचे पाव, आणि पातळ भाजी मागवली, वर मिरचीची भजी. सगळे एकदम बोलत होते. हार्डवेअरवाला मला म्हणाला, "बाय, तू भायर सरलंस तर निवडून येतलंस." मग हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं.

"पण व्हाळ?" हार्डवेअरवाल्याचा उंडा हातातच राहिला. "व्हाळ तर खरी मजा गो!"

"ताई, आपण हितं मागायला आलोय का सोडायला?" कोल्हापूरकर म्हणाला.

"तू तर सगळ्यात मोठ्यान ओरडलास!"

"ते सगळे ओरडले म्हणून ओरडलो की!" त्याने भजी तोंडात टाकली आणि चावता चावता मध्येच थांबला. "ताई, तुमचा देव व्हाळाच्या पलीकडं हाय न्हवं?"

माझ्या हातातला घास खाली आला. खरंच की! वाट उघडली तरी गाडी व्हाळाच्या अलीकडेच थांबणार. ज्या एका माणसासाठी मी हे सगळं पेटवलं होतं, त्याला मीच काठावर आणून सोडणार होते. मघाशी अंगावर आला होता तोच काटा, पण आता भीतीचा. कोल्हापूरकर समजूत घालत राहिला, "हापिसात म्हटलेलं धरायचं नसतंय, ताई. देव तिथं हुता का?" मला ते पटवून घ्यायचं होतं. फार फार पटवून घ्यायचं होतं.

माहेरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. बाईंना महाराज म्हटलं तिथे ते इतके हसले की ठसका लागला. मग मी व्हाळाचं सांगितलं आणि कोल्हापूरकराचं म्हणणंही सांगितलं. बाबांनी थोडा वेळ गुडघे चोळले.

"व्हय म्हणाले मगे सगळे?"

"म्हणाले."

"मग जालां तर. गाराणां खंय घातलां तां बघूचां नसता. व्हय म्हटलां काय नाय तां बघूचां."

"पण बाबा, तुमी?"

"माजां मागीर बघया," ते म्हणाले आणि चहा मागितला.

परवानगी आली. कोरड्या महिन्यांपुरती, ठरलेल्या गाड्यांना, ठरलेल्या वाटेने, व्हाळापर्यंत. चर बुजवला त्या दिवशी आम्ही त्यावरून गाड्या नुसत्या पुढे-मागे केल्या, चाकाखाली सपाट माती लागावी म्हणून. मी ओरडले. या वेळी ऐकायला माणसं होती आणि तीही ओरडली.

भातं कापून झाली. त्या सकाळी बाबांनी पांढरं धोतर नेसलं आणि पुढच्या सीटवर असे बसले की जीप त्यांनीच विकत घेतली आहे. मागे रोट, नारळ, विड्या. सडा चढलो. उजव्या हाताला लांबवर एक विमान मोप्यावर उतरत होतं. बाबांनी हात केला, जणू शेजाऱ्याला. मग उतरण. मी छोटा गिअर टाकला, पाय ब्रेकवरून काढला, आणि जीप एकेक दगड विचारत खाली आली. समोर व्हाळ! वर्ष-दीड वर्षात पाणी नितळ झालं होतं, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. पलीकडे गाव आधीच चालत पोचला होता. दगडासमोर समई लागली होती.

बरोबर एक वनरक्षक होता. त्याने एकदा बाबांच्या गुडघ्यांकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. "मी जरा त्या बाजूला झाडं बघून येतो," तो म्हणाला आणि खरोखरच पाठ करून उभा राहिला.

गावाबरोबर चालत आलेला कोल्हापूरकर पलीकडून हाताने खुणा करत होता, या, या! एवढंसं पाणी. एकदाच. देवासाठी. इंजिन चालू होतं आणि माझा हात गिअरवर गेला. खोटं कशाला सांगू, मी गाडी घालणारच होते. बाबांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"बंद कर गो ती."

मी चावी फिरवली. एकदम पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. बाबा उतरले, बॉनेटला हात टेकला आणि पाण्याच्या अलीकडूनच सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!" तो आवाज! जनेलाजवळ दीड वर्ष बसून काढलेल्या माणसाचा तो वाटतच नव्हता. पाण्यावरून तो सरळ दगडापर्यंत गेला आणि पलीकडून अख्ख्या गावाचं "व्हय म्हाराजा" परत आलं. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. नितळ पाणी मागितलं, पोटापुरतं पीक मागितलं, पोरांना नोकऱ्या मागितल्या. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मग आंगवणीच्या आधी बाबांना धाप लागली. ते थांबले. पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज येईना. पलीकडे सगळे वाट बघत उभे.

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "फुडलां तू घाल."

"बाबा, मी बायलमनीस. इतल्या वर्सांत कोणी बायलेन..."

"पणजेक घातलंस तेवा इचारलेलंस कोणाक?"

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि हात जोडले. आवाज आधी चिरका निघाला, मग लागला. "बा देवा म्हाराजा, बोललो तसां ह्या पाण्यात आमी चाक घालूचां नाय. आणि फुडल्या वर्साक ह्या तुज्या म्हाताऱ्याक हयसर, ह्याच काठार, परत आणूचां बळ आमकां दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पलीकडून आलं, वनरक्षकाच्या बाजूनेही आलं.

बाबा आयुष्यभर गाऱ्हाणं घालणारे, व्हय म्हणायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांचं इतरांपेक्षा जरा मागून, माझ्या कानाशी आलं. "व्हय म्हाराजा."